अकरा पिवळ्या काचा

“हे कोणी खरं मानणार नाय. म्हणाल तर स्टॅम्पपेपरवर लिहून देतो,” सहादू पगारे खुर्चीतून उठत म्हणाला, आणि वनस्पतिशास्त्राच्या मोठ्या वर्गात बसलेली माणसं गोष्ट सुरू व्हायच्या आधीच हसायला लागली.

हसणारच. सहादूचं खऱ्याशी वैर नव्हतं, पण फारसं येणंजाणंही नव्हतं. कॉलेजच्या बागेतला नाग आपण देतो त्या घंटेच्या ठोक्यावर बिळात जातो आणि सुट्टीच्या दिवशी बिचारा बाहेरच ताटकळत राहतो, हे त्यानं इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की एका वर्षी मुलांनी रविवारीही घंटा द्यावी असा अर्ज प्राचार्यांकडे केला होता. त्या अर्जावर सहादूचाही अंगठा होता. सही करता येत असून अंगठा.

आज त्याचा नोकरीचा शेवटचा दिवस. गंगापूर रोडवरच्या या कॉलेजात एकोणतीस वर्षं शिपाई म्हणून काढलेली, त्यातली बावीस याच विभागात. निरोपाचा सत्कार जोडीनं करायची इथली पद्धत, म्हणून त्याच्या बायकोला, चांगुणालाही बोलावून आणलं होतं. टेबलामागे दोन लाकडी खुर्च्या. एकीवर शाल पांघरलेला सहादू. दुसरीवर, कॉलेजनं दिलेल्या साडीची घडी मांडीवर घेऊन, चांगुणा. तीही अगदी कडेवर टेकलेली, आता उठून चुलीकडे जायचं असल्यासारखी.

भाषणं झाली, नारळ झाला, पेढे वाटून झाले. आणि लॅबमधल्या केरूनं मागून आरोळी ठोकली, “मामा, जाताजाता पोलंडची होऊन जाऊ द्या!”

ती गोष्ट सगळ्यांनी दहादहा वेळा ऐकलेली. चांगुणानं एकदाही नाही. सहादूनं तिच्याकडे चोरून पाहिलं. पण पन्नास माणसं आपल्या तोंडाकडे बघत असताना गप्प बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

“एक्याऐंशी साल,” तो म्हणाला. “आपले गर्गे सर, देव त्यांना सुखात ठेवो, आणि पोलंडच्या हालिनाबाई. दोघांनी मिळून काम काढलं. हवेत कुठल्या झाडाचा पराग किती उडतो, ते वर्षभर मोजायचं. इथं नाशकात, अन् तिथं त्यांच्या गावात. रोजच्या रोज. एक दिवस खाडा पडला की अख्खं वर्ष फुकट.”

काम म्हणजे काय, तर गच्चीवर एका दांड्यावर पत्र्याच्या दोन थाळ्या, एकावर एक. मधल्या फटीत बोटभर काच, तिला व्हॅसलीनचा हात लावलेला. दिवसभरात हवेतलं जे चिकटेल ते चिकटेल. सकाळी आठला जुनी काच काढून नवी ठेवायची. काढलेल्या काचेवर दुसरी पातळ काच बसवायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचं त्या दिवसाचं पान फाडून त्यात ती गुंडाळायची. तारीख लिहायचा त्रास नको, ही सहादूची युक्ती. दर पंधरवड्याला खोका पोलंडला जाई. चतुर्थीच्या पानावर गणपती असायचा. एकदा हालिनाबाईंनी सरांना पत्रात विचारलं होतं, महिन्यातल्या या दिवशी तुमच्याकडे हत्तींचं काही विशेष असतं का?

“आणि आषाढात आली डोळ्याची साथ,” सहादू म्हणाला.

वर्गातल्या निम्म्यांनी माना हलवल्या. ती साथ सगळ्यांना आठवत होती. साऱ्या मुलखात, म्हणे साऱ्या दुनियेत, माणसांचे डोळे टोमॅटोसारखे लाल झाले होते.

“मी एक मयत बघितली पंचवटीत. मेलेला सोडून सगळ्यांना काळे गॉगल!” लोक हसले. “कॉलेजला टाळं. प्राचार्य आडवे, हेडक्लार्क आडवे. गर्गे सर डोळे घेऊन धुळ्याला भावाकडं गेलेले. व्हॅसलीनचा डबा कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या खिशात, खिसा धुळ्याला. अन् तिसऱ्या दिवशी माझे बी डोळे आले. सकाळी उठलो तर पापण्या चिकटलेल्या, जसं पाकीट डकवलंय.”

“मग काच कशी बदलली, मामा?” केरूनं ठरलेला प्रश्न ठरलेल्या जागी विचारला.

“पायऱ्या पाठ होत्या मला. अठ्ठ्याऐंशी, अन् वर लोखंडी शिडीच्या बारा. प्रश्न व्हॅसलीनचा होता. दवाखान्यातनं मला मलमाची ट्यूब दिलेली, डोळ्यात घालायला. पिवळं, चिकट. म्हटलं, चिकटतंय ना? मग झालं. लावलं काचेला.”

“आणि डोळ्याला?”

“डोळ्याला काय लावतोस? ट्यूब केवढी, दिवस किती! डोळे काय, आज ना उद्या बरे होणार. खाडा पडला तर तो भरून निघतोय का?”

“किती दिवस, मामा?”

“अकरा.”

हशा उसळला. “फेका, मामा, फेका! आज शेवटचा दिवस आहे, होऊ दे खर्च!”

“हिला विचारा! हीच मला रुमालाचं टोक धरून आणायची घरून.”

सगळ्यांनी चांगुणाकडे पाहिलं. ती हसत नव्हती. “खरं हाय,” ती हलकेच म्हणाली. पण सत्काराच्या खुर्चीत बसून नवऱ्याला खोटं कोण पाडणार? लोक आणखीच हसले.

सहादूला त्याचं वाईट वाटलं नाही. इथपर्यंतची गोष्ट कुणीच मानत नसे, ते त्याच्या अंगवळणी पडलं होतं. त्याचा जीव पुढच्या भागात होता.

“भादव्यात बाईंचं पत्र आलं. सरांनी मला गच्चीवर बोलावून वाचून दाखवलं. बाई लिहितात, आमच्याकडे दिवस वाईट आलेत, साखरेला रांगा, कागदाला रांगा. आकडे मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीमागं लिहिते. पण तुमचा खोका आला की बरं वाटतं. बाकी, अकरा काचा पिवळ्या का? त्यांना औषधाचा वास का? मोजता आल्या, पण हे काय आहे?”

सरांना लाज वाटली होती. तरी त्यांनी खरं ते लिहून कळवलं. दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. ते सहादूनं सरांकडून तीनदा वाचून घेतलं होतं, आणि तेव्हापासून त्यात एका शब्दाचीही भर घातली नव्हती. त्याच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट असेल, जिला त्यानं हात लावला नाही.

“बाईंनी लिहिलं होतं,” तो सावकाश म्हणाला, “ज्या माणसानं आपल्या डोळ्यांचं औषध माझ्या काचांना लावलं, त्याला मला बघायचंय. मी जानेवारीत नाशिकला येते.”

एकोणतीस वर्षांत सहादूकडे लोकांनी खडू मागितले, पाणी मागितलं, किल्ल्या मागितल्या. त्याला बघायचंय असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या हिवाळ्यात त्यानं गच्ची दोनदा धुतली. घराला आतून चुना दिला. चांगुणाच्या माहेरी, कळवणला, निरोप धाडून नवी चादर मागवली, कारण घरातल्या चादरीला ठिगळ होतं.

आणि डिसेंबरात तिकडे पोलंडात लष्करी कायदा लागला. टपाल बंद, फोन बंद, सरहद्दी बंद. इकडे कॉलेजात काचा बदलायचं काम एकतीस डिसेंबरपर्यंत चालू राहिलं. शेवटचा खोका सहा महिने कुठल्या तरी टपालात पडून होता, तोही पोचला. त्र्याऐंशीत छापील पुस्तिका आली. तिच्यात तीनशे पासष्टच्या तीनशे पासष्ट आकडे होते. सोबत पत्र नव्हतं.

पण लष्करी कायदा, टपाल, पुस्तिका हे सहादूच्या गोष्टीत कधीच येत नसे. त्यावरून तो टुणकन उडी मारून पलीकडे जाई. आज मात्र उडीच्या काठावर तो थबकला. बाजूला चांगुणाच्या बांगड्या वाजल्या. इथंच थांबावं, पत्रावरच संपवावं, बसावं खाली, असं त्याच्या मनात आलंही.

“आणि मग बाई आल्या!” केरूनं आठवण दिली.

“खरंच आल्या होत्या?” पहिल्या बाकावरच्या सुमनबाईंनी विचारलं. त्या याच वर्षी शिकवायला लागल्या होत्या. गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होत्या, आणि त्यांचे डोळे असे चमकत होते की नाही म्हणणं सहादूच्या जिवावर आलं.

“म्हणजे काय! आल्या ना,” तो म्हणाला. “रविवार होता, कॉलेज बंद, म्हणून इथल्या कुणाला दिसल्या नाहीत. आपल्या द्वारका चौकात मुंबईच्या गाडीतनं उतरल्या. उंच बाई, निळा कोट, हातात कातडी बॅग. मी टांग्यानं घरी नेलं. खाटेवर बसल्या. भाकरी, मेथीची भाजी, वर मिरचीचा ठेचा. ठेचा खाल्ला अन् डोळ्यातनं घळाघळा पाणी! म्हटलं, बाई, आता तुमची पण साथ सुरू झाली.”

यावर कुणी ‘फेका’ म्हटलं नाही. सगळे प्रेमानं ऐकत होते.

“जेवण झालं, हात धुतले. मग मला म्हणाल्या, उजेडात या. दारात उभं केलं. अशी बोटानं माझी पापणी वर केली, हा डोळा बघितला, तो बघितला. म्हणाल्या, बरे झालेत की हो.”

“मराठीत?”

“तेवढं वाक्य शिकून आल्या होत्या.”

हसू पसरलं. सुमनबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि त्या चांगुणाकडे वळल्या. “चांगुणाताई, किती भाग्याचं हो! घरी तुम्हीच वाढलंत ना त्यांना?”

सहादू टेबलावरच्या नारळाकडे बघायला लागला. शेंडी मोजायची असल्यासारखा.

चांगुणा उठली. इतक्या माणसांसमोर ती जन्मात बोलली नव्हती. साडीची घडी तिनं छातीशी धरली.

“नाय आल्या त्या,” ती म्हणाली.

“अगं...”

“तुम्ही थांबा जरा.” तिनं वर्गाकडे पाहिलं. “स्वयंपाक केला होता मी. चार दिवस रोज केला. हे सकाळी धुतलेला सदरा घालून द्वारकेला जायचे, मुंबईच्या गाड्या थांबतात तिथं. दिवे लागले की यायचे. सरांनी सांगितलं होतं ह्यांना, तिकडं गडबड झालीय, त्या येणार नाहीत म्हणून. तरी जायचे. पाचव्या दिवशी मी चूल पेटवली नाय, तर उपाशी गेले.”

केरूनं हातातला पेढा परत पुड्यात ठेवला.

“मलमाचं खरं हाय. महिनाभर ह्यांचे डोळे गळत होते, मी रोज कोमट पाण्यानं पुसले. ते तुम्ही हसण्यावारी नेलं, अन् त्या आल्याचं मानलं.” तिचा आवाज चढला नव्हता. “दर जानेवारीत जातात. ह्या आयतवारी बी गेले होते. मला म्हणतात, किराणा घेऊन येतो.”

ती खाली बसली, पुन्हा तशीच कडेवर टेकून.

“किराणा आमच्या गल्लीतच मिळतो,” ती म्हणाली.