गौलिएल नावाचा देवदूत

मधुकररावांच्या भिंगातून मुंगी पाहिली तर म्हशीएवढी दिसायची, पण त्यांना त्यातून अक्षरही धड दिसेना. डोळ्याचा पडदा सुकत चालला होता. दिवाळीपर्यंत वाचाल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि अकरा पानं राहिली होती.

पानं कशाची, ते सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यू लोकांनी जगाच्या अंताविषयी ग्रंथ लिहिले. कोणी ऋषी स्वर्गात जातो, देवदूत त्याला वाऱ्याची, दवाची, गारांची कोठारं दाखवतात. मूळ ग्रंथाचे तुकडेच उरले. पूर्ण सापडतात त्या इथिओपियातल्या साधूंनी आपल्या भाषेत केलेल्या नकला, आणि प्रत्येक नक्कल वेगळी. दोन नकला ताडायला दोन माणसं लागतात. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं आपल्या प्रतीवर बोट ठेवून फरक टिपायचा. मधुकररावांनी एक प्रत, भाषा तीच ठेवून, देवनागरी अक्षरांत उतरवून घेतली होती आणि त्यांच्या पत्नी रजनीबाई ती सत्तावीस वर्षं वाचत होत्या. एका शब्दाचा अर्थ कळत नाही म्हणूनच ती चुकत नाही, असं ते म्हणायचे. बाई गेल्या आणि काचीगुड्याच्या त्या खोलीत वाचणारं कोणी उरलं नाही. मोबाईलमधल्या बाईला वाचायला लावून पाहिलं. ती तिसऱ्याच शब्दाला माफी मागून गप्प झाली.

मग मला बोलावलं. मी दत्तोबा, कोर्टातला जुना पेशकार. तीस वर्षं साहेबांपुढे कागद वाचले. माझ्या आवाजानं एकदा जन्मठेपेचा आरोपी शिक्षा ऐकता ऐकता घोरायला लागला होता, खोटं नाही. घरी मात्र मला ऐकणारं कोणी नाही. एक पाल होती, तीही शेजाऱ्यांकडे राहायला गेली.

रोज चारला जायचो. चहा, वाचन, सहाला परत. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की आठवड्यात पानं संपणार आणि मग मला चार वाजले काय न वाजले काय, सारखंच. मी सावकाश वाचू लागलो, खोकू लागलो. तेवढ्यात देवदूतांची यादी आली. सगळ्यांच्या नावाच्या शेवटी एल. त्यात मी हळूच गौलिएल घुसवला. दुसऱ्या दिवशी चिक्कडिएल.

मधुकररावांचा चेहरा असा उजळला, की मला दिवा मालवावासा वाटला. हा माझ्या प्रतीत नाही, असं पुटपुटत ते टिपून घ्यायचे आणि त्यावर तासभर बोलायचे. मग मीही हात आखडता घेतला नाही.

एका संध्याकाळी त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. जर्मनीतल्या एका प्राध्यापकांना पत्र लिहायचं होतं. सात अज्ञात नावं सापडली आहेत, म्हणजे ही प्रत कुठल्या तरी हरवलेल्या जुन्या शाखेतली असावी, असा मजकूर. चाळीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच काही सापडलं होतं. माझं पेन तारखेच्या पुढे जाईना.

"मधुकरराव, ती नावं माझी आहेत."

"कुठली?"

"सातही."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "गौलिएलसुद्धा?"

"गौलीगुड्याला मी बस पकडतो. तिथून सुचला."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. नावांखेरीज आणखी कुठे काय घातलंत, एवढंच त्यांनी विचारलं. मला आठवत नव्हतं, तसं सांगितलं. आयुष्यात एकदा खरं बोललो, तेही नेमकं तिथं.

"म्हणजे सगळं पुन्हा," ते म्हणाले. "आणि तुम्ही नको."

मग त्यांची भाची स्वाती बँकेतून सुटल्यावर येऊ लागली. चाळिशीची, शिकलेली सगळी इंग्रजीत. देवनागरी वाचायची म्हणजे बोटानं अक्षर अक्षर जोडायची, मध्येच "मामा, ये क्या लिखे जी?" म्हणून थांबायची. पदरचं एक अक्षर घालत नव्हती. मी जिन्यात बसून ऐकायचो.

दिवाळीच्या आधी चार दिवस पानं संपली. स्वाती चप्पल घालताना म्हणाली, अंदर जाओ ना काका, मामा अकेले हैं. मी आत गेलो. वह्या फडक्यात बांधून झाल्या होत्या. मी खोकलो, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली.

"सांगण्यासारखा एकही फरक निघाला नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "उद्या चारला येऊ?"

"कशाला?"

टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. "चहाला," म्हणत मी वह्यांचं गाठोडं सरकवून बसलो.