नळाच्या पाण्याचा बर्फ

मी एक जुना बर्फाचा ट्रे आहे. चौदा खणांचा, कोपऱ्याला तडा गेलेला. मित्रांनो, कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी चांगला निळाशार होतो. आता रंग पार उडालाय. पण उन्हाळ्यात माझा काय तोरा असायचा! बाहेरून कुणी घामाघूम होऊन आलं, की आधी माझीच आठवण.

एका वर्षी आमच्या घरच्या ताईचे वडील परदेशातून महिन्याच्या नातीला पाहायला आले. सहाच दिवसांची रजा. पाळण्यापाशी उभे राहिले, पण हात मागेच. "प्रवासात खोकला धरलाय गं. दोन दिवस जाऊ दे, मग घेतो."

"बाबा, इथलं पाणी तुम्हाला आता सोसायचं नाही," म्हणत ताई रोज पातेलंभर पाणी खळखळून उकळायची. निवलं, की बाबांना गार आवडतं म्हणून माझे चार खडे त्यात टाकायची. मला मात्र ती थेट नळाखाली भरायची. गोठलं म्हणजे जंतू मेले, असं तिला वाटायचं. मलाही कुठे ठाऊक होतं?

तिसऱ्या दिवशी बाबांना जुलाब सुरू झाले. जावई म्हणाले, "पाणी बंद करा, आपोआप थांबतील." झालं भलतंच. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले, उभं राहवेना.

डॉक्टरीणबाई धावत आल्या. "अहो, आधी पाणी द्या! ही क्षार-साखरेची पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा, घोटघोट पाजत राहा. आजवर पाणी कुठलं दिलंत?"

"उकळलेलंच हो, माझ्या हातांनी!"

"आणि बर्फ?"

ताईने मला फ्रीजमधून काढून त्यांच्यापुढे धरलं, "हा... नळाच्याच पाण्याचा." मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाळाला जवळ घ्यायचं नाही, असं बजावून बाई गेल्या. बाबा त्यातून वाचले. पण निघायच्या दिवशीही जुलाब पुरते थांबले नव्हते. दारातूनच त्यांनी नातीला डोळे भरून पाहिलं. "पुढच्या वर्षी कडेवर घेऊन हिंडवतो हिला." त्याआधीच ते तिकडे हृदयविकाराने गेले.

ताईने मला पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं नाही. आता मी खिडकीत असतो; माझ्या खणांत माती घालून बी पेरतात. मित्रांनो, दुरून आलेल्या माणसासाठी पाणी उकळाल, तेव्हा बर्फही त्याच पाण्याचा करा. हात साबणाने धुवा. आणि जुलाब झाले तर पाणी तोडू नका, एवढं माझं ऐका.

काल पाच वर्षांची छकुली माझ्यावर पाणी शिंपडत म्हणाली, "आई, आजोबांनी मला घेतलं होतं?"

ताईने माझ्या खणातली माती बोटाने सारखी केली. "घेतलं होतं ना. खाली ठेवायलाच तयार नव्हते."