कुंपणाच्या अंतरावर

हॉबर्ट टीटरच्या मेंढ्या त्याच्याकडे राहणार की शनिवारी ट्रकमध्ये चढणार, हे त्या संध्याकाळी ठरायचे होते. आणि ते ज्यावर ठरायचे ते यंत्र माझ्या अंगठ्याएवढे होते.

हॉबर्ट माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. बहीण गेली, नाते आम्ही दोघांनी भांडत भांडत टिकवले. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतल्या आमच्या घळीत मेंढ्या राखणारा तो शेवटचा माणूस होता. मागच्या दोन हिवाळ्यांत त्याच्या दृष्टीचा मध्यभाग गेला. कडांनी त्याला दिसे. पण ज्या वस्तूकडे तो पाही, नेमकी तीच नाहीशी होई. बंदुकीच्या टोकावरची, नेम धरायची माशी अशीच नाहीशी झाली, आणि तेव्हापासून कोयोटी कुंपणापर्यंत बेधडक येऊ लागले. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून निर्लज्ज असे हे जनावर. त्या वसंतात त्यांनी निम्मी कोकरे नेली.

त्याची मुलगी रोवीना दर आठवड्याला डोंगर ओलांडून येई, आणि दर वेळी तिला फाडलेले एखादे कोकरू पुरावे लागे. शेवटी ती म्हणाली, "बाबा, बंदूक चालवता येत असेल तर ठेवा मेंढ्या. नसेल तर मी गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

लेझरची कल्पना माझी. माशीवरून नेम धरायचा तर डोळा नळीच्या मागे, एका रेषेत असावा लागतो. लेझरचा उजेड मात्र थेट लक्ष्यावरच पडतो. मग डोळा कुठूनही पाहो. ज्याला फक्त कडेने दिसते त्याने कडेने पाहावे. हा युक्तिवाद मी रोवीनासमोर दोनदा मांडला, आणि त्यात तिला खोट काढता आली नाही.

दुपारी ओसरीत मी लेझर अडकवायची पट्टी बसवायला घेतली. नळीवरचे तेल आधी स्पिरिटने पुसले, कारण तेलावर आवळलेला स्क्रू पहिल्याच धक्क्याला सैल होतो. मग लेझर नळीच्या खाली बसवून, एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असे स्क्रू आवळत गेलो.

"तुझ्या बहिणीच्या बोटात अंगठी घालायला मला एवढा वेळ लागला नव्हता," हॉबर्ट म्हणाला.

"म्हणूनच ती सैल होती, दाजी. भांडी घासताना ती काढून ठेवायची."

"ती भांडी घासायची? मला वाटायचं मीच घासतो."

सूर्य कड्यामागे जाईपर्यंत थांबावे लागले. उन्हात लाल ठिपका दिसत नाही. कुंपणाजवळच्या मातीच्या बांधाला टेकवून मी एक फळी उभी केली, तिच्यावर पांढरा कागद ठोकला. कोयोटी नेहमी तिथूनच शिरत. ओसरीच्या कठड्यावर वाळूच्या पिशव्यांत बंदूक रुतवून मी बार काढला. मग बंदूक होती त्याच जागी आणून हॉबर्टला ती दाबून धरायला सांगितली, आणि बारीक षट्कोनी ॲलन कीने ठिपका सरकवत सरकवत छर्‍यांच्या भोकांच्या मधोमध नेला. लेझर बंदुकीला नेम शिकवीत नाही. बंदूक कुठे मारते ते लेझरला शिकवावे लागते. शिवाय तो नळीखाली असल्यामुळे त्याचे आणि बंदुकीचे एकमत एकाच अंतरावर होते. ते मी कुंपणाच्या अंतरावर घडवून आणले.

नवा कागद लावला, तीन काडतुसे भरली आणि बंदूक त्याच्या हाती दिली.

कोंबडी दाण्याकडे पाहते तशी त्याने मान वळवली. बराच वेळ काही झाले नाही. मग तो अगदी हळू म्हणाला, "आहे. दिसला."

तीन बार झाले. रोवीना उतरून गेली, वाकून पाहिले, आणि परत येताना वाटेत जरा थांबली. मेंढ्या ठेवाव्या लागतील हे ती मनाला पटवत असावी.

"तिन्ही कागदात आहेत, बाबा."

"ट्रकवाल्याला फोन कर. म्हणावं, यायचंच असेल तर जेवायला ये."

मी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली. हॉबर्टने ती मागून घेतली. ठिपका पुन्हा बघायचाय, म्हणाला. पुष्कळ दिवसांनी कुठली तरी गोष्ट त्याने शोधली होती आणि ती जागेवर सापडली होती. मला नाही म्हणवेना.

त्याच सुमारास वरच्या उतारावरून एक म्हातारी मेंढी खाली आली. ओसरीत बाटलीने दूध पाजून वाढवलेली, बंदुकीच्या आवाजाला न भिणारी. ती चरत चरत फळीसमोर येऊन उभी राहिली, आणि ठिपका तिच्या मानेच्या पांढऱ्या लोकरीवर पडला. मी तोंड उघडले. रोवीनाने माझ्याकडे एकदाच पाहिले. मी ते मिटले.

"बाबा, ठिपका कुठंय आता?"

"कागदावर. मधोमध."

"काडतूस असतं तर मारला असता बार?"

"का नाही? एवढा ठळक तर दिसतोय."

मेंढीने मान वर केली, आणि ती कुंपणाच्या कडेने निघाली.

हॉबर्टची मान तिरकीच होती. मी त्याचा चेहरा पाहत होतो. कागद चालू लागलेला त्याला कळला तो क्षण मला दिसला.

त्याने बंदूक कठड्यावर ठेवली.

"कोण होती?" त्याने विचारले, आणि मी सांगणार तोच, "नको. नाव नको सांगूस."

"हिरवा लेझर मिळतो, दाजी," मी म्हणालो. "तो जास्त उजळ असतो. वर एक मोठा दिवा बसवला, तर—"

"एमरी, तुझ्या वस्तूत काही खोट नाही. बोल लावू नकोस तिला."

रोवीना त्याच्याशेजारी पायरीवर बसली. तिने त्याच्या हाताला हात लावला. त्याने तो काढून घेतला नाही, धरलाही नाही. कड्यावरचा उजेड गेला.

"शनिवारी सकाळीच येईल तो ट्रकवाला?"

"हो."

"मग उद्या दोन वेळा दाणा घाला. उपाशी पोटी गाडीत चढवल्या, तर त्या एकमेकींना तुडवतात."