समुद्रराणीचं काळं कापड

शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मदुरा बेटावरचं आमचं अख्खं मिठागरी गाव आ वासून बघत होतं. मी शिकवते त्या या शाळेत खारं पाणी उन्हावर गोडं करणाऱ्या दोन काचपेट्या आहेत. एक पेटी दिवसाला दोन बाटल्या द्यायची. त्या दिवशी एकीनं चार दिल्या.

“राणीला वाटा मिळाला, राणी प्रसन्न झाली!” मांत्रिक साहरावी गरजला. त्यानं पेटीतलं बरंचसं पाणी समुद्रराणीच्या नावानं ओतून दिलं होतं आणि तळाला मंतरलेलं काळं कापड अंथरलं होतं. एका कापडाला दोन कोंबड्या. आपल्या पाळीला पेटीत घालायला घरोघरी कापडं गेली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कोंबड्यांवर पाणी सोडलं असतं. पण तो पुढं म्हणाला, “पेटी तरी कशाला? कापड तळ्याच्या पाण्यात बुडवा नि प्या.” शेजारच्या होस्नियानं ते पाणी आपल्या आठ महिन्यांच्या रोफीला पाजलं. तिसऱ्या दिवशी जुलाबानं पोराचे डोळे खोल गेले, रडायचंही त्राण उरलं नाही. मी मायलेकरांना दवाखान्यात पोचवलं. “आणखी एक दिवस, आणि हा हाती लागला नसता,” डॉक्टर म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडिलांची जुनी काळी विजार घेऊन शाळेत गेले. दोन्ही पेट्यांत बोटभर पाणी ठेवलं. एकीत मंतरलेलं कापड, दुसरीत विजार.

“बाई, पेटीत विजार?” मिठागरातले मत्तासानकाका खो खो हसले.

“वीस वर्षं मिठागरात घासलीय. हिच्याहून मंतरलेलं काय असणार?”

सूर्य मावळला. कापडाच्या चार बाटल्या, विजारीच्याही चार. काकांचं हसू विरलं.

“काका, मिठागरात पाणी पातळ का पसरता? खाली काळं प्लास्टिक का घालता?”

“लवकर आटतं म्हणून. शेंबडं पोरही सांगेल.”

“मग इथं पेटी काठोकाठ का भरत होतो आपण? जास्त ओतलं की जास्त मिळेल, या हावेनं! मीही त्यातलीच. काळं ऊन शोषतं, पातळ पसरलेलं पाणी लवकर तापतं. वाफ वर जाऊन काचेवर तिचे थेंब होतात, मीठ नि घाण खाली राहते. कापड पाणी शुद्ध करत नाही.”

मी तळ्याच्या पाण्यात कापड बुडवून त्याच पाण्याचा पेला गर्दीत उभ्या साहरावीपुढं धरला. “प्या.”

“आज माझा निर्जळी उपवास आहे.”

“दिवस मावळलाय. सोडा उपवास!”

तो हळूहळू मागं सरकला आणि फाटकातून पसार झाला.

रोफी वाचला तो सलाईननं. राणीनं नाही वाचवलं त्याला. जन्मभर मिठागरात राबून जे आपल्याला ठाऊक होतं, तेच आपण दोन कोंबड्या देऊन परत विकत घेतलं आणि वर लेकराचा जीव टांगणीला लावला. पुढच्या वेळी कुणी चमत्कार घेऊन आला तर हात जोडण्याआधी त्याला एवढंच म्हणा, “आधी तुम्ही प्या.”