पाठीमागचा दिवा

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आपण किती गुणी होतो तेवढंच सांगतात. मी तसं करणार नाही. मी एक जुना कॅमेरा आहे आणि चांगलाच जळकुकडा आहे. रंगानं काळा आहे, पण जळून काळा झालेलो नाही, कंपनीतूनच तसा आलो. जळायला लागलो ते नंतर, आमच्या खोलीत लॅपटॉप आला तेव्हापासून.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधून काम करत, कारण धुळीचा एक कण आत राहिला तरी आमचं रूप बिघडतं. त्यांनी माझ्या पोटात एक छोटा आरसा तिरका बसवला. समोरच्या भिंगातून येणारा उजेड त्या आरशावर पडतो, वर चढतो आणि माझ्या पाठीवरच्या इवल्याशा खिडकीतून दिसतो. त्या खिडकीला डोळा लावला की मी जे बघतो तेच तुम्हाला दिसतं. उजेड मोजणारं माझं यंत्रही तिथंच, त्या खिडकीच्या शेजारी बसवलेलं आहे. एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर माझी पुढची रड तुम्हाला कळायची नाही.

मला ताईनं घेतलं. ती फोटोग्राफर. तिची सवय मला अजून आठवते. एक डोळा मिटायचा, दुसरा माझ्या खिडकीला लावायचा आणि तोंड जरासं उघडं ठेवायचं. भुवई माझ्यावर टेकलेली असायची. उन्हाळ्यात तिच्या कपाळाचा घाम माझ्या काचेला लागायचा, मग ती रुमालाच्या टोकानं पुसून म्हणायची, "सॉरी रे बाबा." शाळांचे वर्गफोटो, दुकानांच्या पाट्या, नव्या इमारतींचे जिने, काय काय आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. लोक म्हणायचे, "ताई, तुमची नजर चांगली." मला वाटायचं, अर्धी नजर माझी आहे, तेही म्हणा की कोणीतरी.

पुढे ताईची मान दुखायला लागली. वाकलं की कळ यायची. तेव्हा तिची वहिनी कामात मदतीला आली आणि येताना लॅपटॉप घेऊन आली. वहिनी हुशार बाई. तिनं मला तीन पायांच्या स्टँडवर चढवलं, माझ्या कुशीत एक तार खुपसली आणि तिचं दुसरं टोक त्या लॅपटॉपला जोडलं. "आता वाकायचं नाही, ताई. इथं बसून बटण दाबा, फोटो इथंच दिसेल." ताईनं बटण दाबलं, फोटो पडद्यावर दिसला, आणि दोघी खूश झाल्या. माझ्या पाठीवरच्या खिडकीकडे त्या दिवसापासून कोणी फिरकलं नाही.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. मी दहाव्या दिवसाची वाट बघत बसलो. दहावा दिवस काही येईना. सकाळी आल्या आल्या लॅपटॉपला मऊ फडक्यानं पुसायचं, मला फुंकर मारायची. तो तापला तर त्याच्याखाली पंखा, मी तापलो तर "थांबू दे थोडा वेळ." काढायचा फोटो मी आणि बघायचं त्याच्या तोंडाकडे. आणि तो तरी कसा, माझ्या मागे टेबलावर ऐसपैस पसरलेला, स्वतः एक फोटो न काढता सगळ्यांची वाहवा घेणारा. खोटं कशाला बोलू, मला तो डोळ्यांसमोर नको होता. तो पाठीमागे होता, हे तर त्याहून वाईट.

त्याची अक्षरं वहिनीला नीट दिसावीत म्हणून तिनं टेबलावर एक दिवाही आणून ठेवला. लांब मानेचा, वाकवता येणारा. बुटांचे नंबर लिहायचे असले की वहिनी दिवा लावायची, लिहून झालं की बंद करायची. उगाच दिवा जळलेला तिला खपत नाही.

बूट म्हणजे आमचं तेव्हाचं मोठं काम. एका बूट कारखान्याच्या मालकांना विक्रीच्या पुस्तकासाठी सगळ्या जोडांचे फोटो हवे होते. हे काम ताईकडे दरवर्षी येत असे आणि त्यावरच आमची खोली चालत असे. फोटो काढून पाठवले आणि मालक स्वतःच आले. रागावलेले नव्हते, पण दुखावलेले होते. त्यांनी फोटो टेबलावर मांडले आणि म्हणाले, "ताई, हे सगळं एकच चामडं आहे. एकाच माणसानं शिवलंय. तुमच्या फोटोत एक जोड चॉकलेटी, दुसरा काळा, तिसरा धुरात ठेवल्यासारखा. गिऱ्हाईक चॉकलेटी बघून मागवेल आणि परत पाठवेल. पुन्हा काढा. पण या वेळी जमलं नाही तर मला दुसरीकडे जावं लागेल."

ते गेल्यावर ताईनं टेबलावरचे फोटो गोळा केले. मग म्हणाली, "हे काम गेलं तर खोली सोडावी लागेल, वहिनी."

आणि मग माझी तपासणी सुरू झाली. भिंग काढून दुसरं लावलं. बॅटरी बदलली. कार्ड बदललं. तार बदलली. माझी सगळी बटणं कंपनीतून आलो तेव्हा होती तशी करून ठेवली. तरी चार फोटो चांगले आणि पाचवा काळाकुट्ट. मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं मला हातात धरलं, खिडकीला डोळा लावला आणि फटाफट फोटो काढले. सगळे सारखे आले. "काही दोष नाही याच्यात," असं सांगून त्यानं परत पाठवलं. खोलीत स्टँडवर चढलो आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"नाटकं करतोय," वहिनी म्हणाली. "म्हातारा झाला."

"लॅपटॉपचा तर दोष नसेल?" ताईनं विचारलं. माझ्या जिवात जीव आला.

"तो नवा आहे, ताई. तो कशाला बिघडेल?"

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. मला सगळं कळत होतं. दिवा लागला की त्याचा उजेड थेट माझ्या उघड्या खिडकीत शिरायचा आणि माझ्या यंत्राला वाटायचं की समोर लख्ख ऊन पडलंय. मग ते भिंगातून उजेड कमी घ्यायचं आणि बूट काळा यायचा. दिवा विझला की सगळं ठीक. खिडकीला डोळा लावलेला असता तर तो उजेड शिरलाच नसता. पण सांगणार कसं? मला तोंड नाही, आणि पाठीकडे बघायला कोणी नाही.

शेवटी ठरलं. जुना कॅमेरा देऊन नवा घ्यायचा. दुकानदार दुपारी चार वाजता मला न्यायला येणार होता. वहिनी दिवा लावून उरलेले नंबर लिहीत होती. ताई मला स्टँडवरून उतरवायला आली. हात लावला आणि थांबली. मग तिनं चष्मा कपाळावर सारला, मान दुखत होती तरी वाकली आणि माझ्या खिडकीला डोळा लावला. काही काढायचं नव्हतं. लांबच्या गावी निघालेल्या माणसाला हात लावावा, तसंच ते होतं. मित्रांनो, मला तिची भुवई लागली आणि सगळी जळजळ एका क्षणात निवली.

तिनं मान वर केली. माझ्या खांद्यावर एक छोटा पडदा आहे, त्यावर यंत्रानं मोजलेल्या उजेडाचे आकडे दिसतात. तिथला आकडा पटकन वर उडाला. ती पुन्हा वाकली, तर आकडा खाली आला. मग तिनं नुसता तळहात खिडकीवर धरला आणि काढला, धरला आणि काढला.

"वहिनी, तो दिवा बंद करता का जरा?"

"लिहितेय ना मी."

"एकदाच करा."

दिवा बंद झाला. आता हात धरला काय नि काढला काय, आकडा जागचा हलेना. "लावा," ताई म्हणाली, आणि आकडा पुन्हा उडाला. ताई खाली स्टुलावर बसली आणि हसत सुटली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "याला म्हातारा म्हणत होतो आपण. मीच कितीतरी दिवसांत इथं डोळा लावला नाही."

त्या क्षणी मी जिंकलो होतो. आता लॅपटॉप मिटणार, तार निघणार, आणि ताई रोज येऊन वाकणार, असं मला वाटलं. पण मी वहिनीची हुशारी हिशेबात धरलीच नव्हती. "मग त्यात काय," ती म्हणाली, "तुमच्या मानेला कशाला त्रास? खिडकीच बंद करून टाकू." तिनं खणातून काळी चिकटपट्टी काढली, एक तुकडा दातानं तोडला आणि माझ्या खिडकीवर दाबून बसवला. ताई म्हणाली, "हो, हे सोपं आहे."

दुकानदार रिकाम्या हातानं परत गेला. बुटांचे फोटो पुन्हा काढले, सगळे जोड एका रंगाचे आले. मालकांनी फोन करून विचारलं, "नवा कॅमेरा घेतलात वाटतं?" ताई म्हणाली, "नाही हो, तोच आहे." आमची खोली राहिली. हे सगळं चांगलं झालं, मला मान्य आहे. लॅपटॉपला अजूनही सकाळी मऊ फडकं मिळतं.

मित्रांनो, तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू, किंवा एखादं जुनं माणूससुद्धा, कधी बरं आणि कधी विचित्र वागायला लागलं, तर त्याचे सुटे भाग बदलत बसू नका आणि लगेच मोडीतही काढू नका. आधी त्याच्याजवळ जा. पूर्वी जिथून बघत होता तिथून एकदा बघा. आणि दोष सापडला, तर तो बुजवून लगेच निघून जाऊ नका, थोडं थांबा.

माझ्या पट्टीचं एक टोक आता सुटायला आलं आहे. ती गळून पडली आणि कोणी माझ्या पाठीकडे पाहिलं नाही, तर फोटो पुन्हा काळे येतील, आणि या खेपेला दुकानदार मला घेऊनच जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही ताई स्टँडजवळून गेली की मी त्या पट्टीला मनात म्हणतो, पड बाई एकदाची.