सबरीचा उजवा हात

शुक्रवारी डॉक्टर झैदून कुणाचे दात काढत नसे. त्या दिवशी त्याच्या दवाखान्यात आठवणी काढल्या जात, आणि त्याही दातासारख्याच, ओढून ओढून. बगदादच्या कर्रादा भागातल्या त्या पहिल्या मजल्यावर पेशंटच्या खुर्च्या भिंतीशी सरकवल्या की 'सबरीची शाळा'च्या चाहत्यांची बैठक भरे. सगळे पन्नाशीला टेकलेले. पोटं सुटलेली, केस काळे केलेले, आणि तोंडात विषय एकच: लहानपणी टीव्हीवर पाहिलेलं एक हिरवं कासव. अम्मो सबरी, म्हणजे सबरीकाका. अर्ध्या बगदादला अक्षरं त्यानं शिकवली.

आत येणारा प्रत्येक जण उजवा हात छातीवर ठेवून मान लववी. असा सलाम सगळं गावच करतं, पण इथे त्याला 'सबरी सलाम' म्हणत, कारण कासवाचा उजवा हात कायम छातीवर असे. हौशी मंडळींनी त्या हाताच्या चित्राचे सदरेसुद्धा छापून घेतले होते.

बल्कीसनं नुसती मान हलवली आणि ती मागच्या खुर्चीत बसली. तो सलाम तिच्यानं कधीच होत नसे.

"उम्म सिनान, या, तुमची जागा आमच्या डोक्यावर! मागे कशाला?" झैदून ओरडला. सिनानची आई म्हणून सगळे तिला याच नावानं हाक मारत. तिचे वडील कोण होते, हे इथे कुणाला माहीत नव्हतं.

सबरीचा उजवा हात म्हणजे तिचे वडील, नुमान. बाहुली मोठी होती, दोघांनी मिळून चालवायची. उस्ताज जलाल डोकं हलवत, आवाज देत आणि डावा हात सांभाळत. नुमान त्यांच्या पाठीला चिकटून उभे राहत आणि उजव्या हिरव्या हातमोज्यात आपला हात घालत. पाटीवर खडूनं लिहायचं काम त्यांचं. बाहुली शिवली होती बल्कीसच्या आईनं, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी सबरीला सुई लावलेली जलालना खपत नसे.

बल्कीस सहा वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या तोंडावर, चार माणसं आली आणि "दोन प्रश्न विचारायचेत" म्हणून नुमानना घेऊन गेली. ते प्रश्न काही संपले नाहीत. आईनं त्याच रात्री घरातले त्यांचे सगळे फोटो तंदूरमध्ये घातले. "बाबा बसऱ्याला कामावर गेलेत, येतील," एवढंच ती सांगे. राजवट पडली, शेजारीपाजारी हाडं शोधत मोकळ्या रानात खणत फिरले, घरोघर मांडव पडून, तळहात उताणे धरून गेलेल्यांसाठी फातिहा वाचल्या गेल्या. आई हटली नाही. "जिवंत माणसाची फातिहा वाचतात का गं?" म्हणे. गेल्या हिवाळ्यात ती स्वतः गेली. बल्कीसचा मुलगा तिला एरबिलला ये म्हणून विनवत होता, आणि ही बाई जुनं घर सोडायला तयार नव्हती. का, तर बाबा आले तर त्यांना घर सापडायला हवं. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. कळून काय उपयोग? वाट बघण्याची सवय आईच्या दुधातून आली होती.

बाबांचा चेहराही आता आठवेना. आठवे फक्त हात. झोपवताना ते तिच्या पाठीवर बोटानं होडीसारखं 'बे' अक्षर काढत, आणि त्याचं खालचं टिंब देताना बोट असं दाबत की ती खिदळे. तो हात एकदा डोळ्यांनी बघायला मिळावा, एवढ्यासाठी ती आली होती. कारण आज झैदून अगदी सुरुवातीचे भाग दाखवणार होता. मूळ फिती केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. अम्मानमधल्या कुणाच्या तरी माळ्यावर ही एक कॅसेट निघाली होती.

झैदूनच्या बायकोनं क्लेचाचं, ईदला घरोघर भाजतात त्या बिस्किटांचं, ताट फिरवलं. "घ्या ना, उम्म सिनान, खजुराचीच आहे. ईदची उरलेली नाही हं, ताजी आहे!" बल्कीसनं एक उचलली आणि हातात धरून ठेवली.

"आता हा हात छातीवर आला कसा, ते ऐका," झैदून पडद्यापुढे उभा राहिला. "माझं ठाम मत आहे की ती अदब शिकवायची युक्ती होती. मुलांनी मोठ्यांना सलाम करावा म्हणून."

"उंटावरचा शहाणा आहेस तू," रग़द म्हणाली. ती शाळेत मास्तरीण होती आणि तिला सगळे भाग तोंडपाठ होते. "आळशी होता मेला सबरी! लिहायचा कंटाळा, म्हणून हात खिशात घातल्यासारखा छातीत घातला."

खोली हसली. बल्कीसच्या बोटांत क्लेचाचा भुगा झाला.  आधी हात बघू दे, मग काय बोलायचं ते बोलू.

तेवढ्यात वीज गेली. खालच्या जनरेटरवाल्याच्या आईबापांचा उद्धार झाला, चहा झाला, आणि एकदाचा पडदा उजळला.

चित्रावरून रेघा धावत होत्या. सबरी पाटीशी उभा होता आणि त्याचा उजवा हात मोकळा होता. त्या हातानं खडू उचलला, उजवीकडून डावीकडे एक सावकाश होडी काढली आणि खाली टिंब दिलं. असं दाबून, की खडू मोडला. सबरीनं मोडक्या खडूकडे बघितलं, मग त्या हातानं स्वतःचंच डोकं खाजवलं. सगळे हसले. बल्कीसच्या पाठीवर, जुन्या जागी, काहीतरी टोचल्यासारखं झालं. तिला हुंदका आला आणि तो हसण्याच्या गलक्यात बुडाला. ती आधाशासारखी बघत राहिली. भाग संपूच नये असं तिला वाटत होतं, आणि तो संपला.

त्याच कॅसेटवर पुढचा भाग होता. सबरी आला तो हात छातीवर घेऊन. "आज हात दुखतोय हं मुलांनो," जलालांचा आवाज म्हणाला, आणि कासवाचं डोकं सवयीनं पाटीकडे वळलं, तिथेच थांबलं. लिहायला कुणी नव्हतं. मग डाव्या हातानं कसंतरी वेडंवाकडं अक्षर उमटलं.

"बघा, बघा, थांबव तिथेच!" रग़द उठून पडद्याशी गेली. "हे फार कमी लोकांना माहितीये. हाताभोवती पांढरा दोरा दिसतोय ना? हे एवढाले टाके! अगदीच गबाळं काम. हा असा रमझानभर दिसतो. आणि ईदच्या भागापासून बघाल तर दोरा गायब. हिरव्यावर हिरवा, बारीक, पक्की टीप. तेवढ्यात शिवणारी शिकली असणार बिचारी!"

पुन्हा हशा पिकला. बल्कीस मात्र गारठली.

शिवणारी शिकली नव्हती. शिवणारीला सगळं येत होतं. आईचा नियम बल्कीसनं तिच्या मांडीवर बसून ऐकला होता: जे पुन्हा उसवायचंय, तिथे कच्चा टाका, पांढऱ्या दोऱ्याचा, म्हणजे कात्रीला चटकन सापडतो. जे कायमचं, तिथेच पक्की टीप.

म्हणजे रमझानभर आईनं वाट पाहिली होती. नुमान येतील, हातमोजा उसवू, हात मोकळा करू. आणि ईदच्या आधी तिला कळलं. कुणी सांगितलं, कसं सांगितलं, देव जाणे. पण त्या ईदला घरात क्लेचा झाली नव्हती. बल्कीसनं रडून घर डोक्यावर घेतलं, तेव्हा आई म्हणाली होती, "पीठ नाही गं." पीठ डब्यात होतं, तिनं स्वतः पाहिलं होतं. ज्या घरात माणूस गेलेलं असतं, त्या घरात पहिल्या ईदला क्लेचा भाजत नाहीत. हे बगदादमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि तिला इतकी वर्षं सुचलं नव्हतं.

आईला माहीत होतं. तरी ती म्हातारी होईपर्यंत "येतील" म्हणत राहिली. बल्कीसला तिचा भयंकर राग आला, आणि रागाच्या पोटातच तिची कीवही आली. एकटीनं हिरवा दोरा ओवला असेल. डोळ्यांतलं पाणी पुसून ओवला असेल.

दिवे लागले. "चला, फोटो!" झैदूननं सगळ्यांना रांगेत उभं केलं. "सबरी सलाम! उम्म सिनान, आज सुटका नाही, हात छातीवर!"

"थांबा," बल्कीस म्हणाली. आवाज फार मोठा नव्हता, पण सगळे वळले. "तो सलाम नव्हता. त्या हातात माझे वडील होते. त्यांना उचलून नेलं. हातमोजा रिकामा लोंबायला लागला, म्हणून माझ्या आईनं तो छातीला शिवला. आधी कच्चा. मग पक्का."

रग़दनं तोंडावर ओढणीचा पदर ओढला. "अयनी, माझे बाई... मला... मी तर हसत होते," ती म्हणाली.

"तुला काय ठाऊक? मलाही आत्ताच कळलं." बल्कीसनं सदऱ्यावरच्या भुग्याकडे पाहिलं आणि तो झटकला. "आमच्याकडे त्यांची फातिहा झाली नाही. कुणी बसायला आलं नाही, कुणाला कडू कॉफी दिली नाही. आज एवढी माणसं जमलीच आहेत."

कुणाचाही हात धड छातीवर नव्हता, धड खाली नव्हता. फोटोसाठी उचललेले हात तसेच अर्ध्यात राहिले होते, आणि त्यांचं काय करावं हे कुणाला समजत नव्हतं.

 गेलेल्या माणसाला लावायचा जो शब्द त्या नावाआधी घरात कधी कुणी उच्चारला नव्हता, तो बल्कीसनं उच्चारला.

"मरहूम नुमान, अब्दुल-वाहिदचा मुलगा. त्याच्या आत्म्यासाठी... अल-फातिहा."

आणि छातीकडे निघालेले ते सगळे हात एकामागून एक उताणे झाले.