मिनिटाला तेरा श्वास

"काकांचा तब्येतीचा फॉर्म त्यांच्या हातात देऊ नकोस. समोर बसव, एकेक प्रश्न विचार आणि तू स्वतः भर."

माझ्या आधी या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीनं नोकरी सोडताना मला हे सांगितलं होतं. बाकी सगळं, म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, पासवर्ड, चहाच्या मशीनला कुठं दणका दिला की ते चालतं, तिनं कागदावर लिहून ठेवलं होतं. हे मात्र तोंडी. मी हो हो म्हटलं आणि सोडून दिलं. माझं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. सलग तीन तास झोप म्हणजे काय, हे मी विसरले होते. धडधाकट माणूस स्वतःचा फॉर्म स्वतः भरत असेल तर माझा तेवढाच वेळ वाचला, असं मला वाटलं.

आमची कंपनी सहा माणसांची. बंदराच्या जुन्या धक्क्याला लागून एक गोदाम आणि त्यात पार्टिशन टाकून केलेल्या तीन खोल्या. संरक्षण खातं लहान कंपन्यांना संशोधनासाठी अनुदान देतं, त्यातलं एक आम्हाला मिळालं होतं. बंदरात पाण्याखालून कुणी चोरून पोहत आलं, तर नुसत्या आवाजावरून त्याला ओळखायचं. पाण्यात मायक्रोफोन सोडलेले, आणि पाणबुड्याच्या श्वासाचा ठेका पकडणारं सॉफ्टवेअर. पहिला टप्पा जमला तर दुसरा मिळणार. आमचे साहेब कशालाही "पुढच्या टप्प्यात बघू" म्हणायचे, म्हणून त्यांचं नाव टप्पेसाहेब. छत गळत होतं, तेही पुढच्या टप्प्यात.

काका म्हणजे आमचा चोर. नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे, साठी उलटलेली, बायको जाऊन चार वर्षं झालेली. दर मंगळवारी ते पाठीला सिलिंडर बांधून पाण्यात उतरत, दूरवर तरंगणाऱ्या पिवळ्या बोयाला हात लावून परत येत, आणि मशीननं त्यांना पकडायचं. वर आले की ओल्या अंगानंच विचारत, "काय गं बाळाची आई, सापडला का चोर?"

मी हेडफोन लावून त्या फायली ऐकायचे. प्रत्येक श्वासावर खूण करायची. आत घेताना सुस्कारा, सोडताना बुडबुड्यांचा लांब गडगडाट. पुन्हा सुस्कारा. दिवसाला चार तास. घरी सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर बसून नुसतं ऐकायचं असतं? मग दमतेस कशानं?"

वर्ष सरत आलं तसं मशीन चुकायला लागलं. शंभरातले चौऱ्याण्णव श्वास ओळखणारं मशीन ऐंशीवर आलं, मग एकसष्टवर. अधिकारी पाहणीला यायला सहा आठवडे राहिले होते. केबल बदलली. मायक्रोफोनवरचं शेवाळ खरवडलं. सॉफ्टवेअरवाल्यानं तीनदा सगळं नव्यानं लिहिलं आणि चौथ्यांदा म्हणाला, "आता मी समुद्रच बदलून देतो." कुणी हसलं नाही, तोसुद्धा.

साहेब मला म्हणाले, "मॅडम, पहिल्यापासूनच्या फायली ओळीनं ऐका. कुठं बिघडलंय ते सापडेल."

त्या हिवाळ्यात बाळाच्या छातीत कफ झाला होता आणि डॉक्टरांनी मला श्वास मोजायला शिकवलं होतं. पोटाकडे बघायचं, घड्याळ लावायचं, पूर्ण एक मिनिट. बाळ बरं झालं, पण माझी सवय गेली नाही. नवरा झोपला तरी मी मोजायचे. त्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मला तरी सोड की."

तर मी फायली लावल्या आणि मोजायला लागले. पहिल्या महिन्यात काका मिनिटाला सात श्वास घेत होते, मुरलेला पाणबुड्या घेतो तसे सावकाश. उन्हाळ्यात नऊ. गेल्या मंगळवारी तेरा. शिवाय सोडताना श्वास मधेच तुटत होता, कुणीतरी जिना चढताना पायरीवर थांबावं तसा. मशीन मंद ठेका शोधत होतं. तो ठेकाच उरला नव्हता.

मी कपाटातून काकांचे दोन्ही फॉर्म काढले. सहा महिन्यांच्या अंतरानं भरलेले. वजन तेच, रक्तदाब तोच, डॉक्टरांची तपासणी झाल्याची तारीखसुद्धा तीच. दोन्हीखाली 'पडताळले' म्हणून माझी सही.

साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे मशीन बरोबर आहे?" चेहरा उजळला होता त्यांचा. मग माझ्याकडे बघून ते हळूच खाली बसले. "नाही, म्हणजे... काकांना सांगायला हवं."

काकांना मीच सांगितलं, धक्क्यावर. ते पोहताना पायात घालायचे रबरी फिन्स धूत होते.

"तेरा?" ते म्हणाले. "म्हातारा झालोय गं. तू पोहून बघ, तुझे तीस होतील."

"काका, तुम्ही डॉक्टरकडे गेलाच नाहीत."

"गेलो होतो की. मागच्या वर्षी."

"मी चेष्टा करत नाहीये."

त्यांनी नळ बंद केला. "हे बघ पोरी, डॉक्टर काय सांगणार मला माहीत आहे. पाण्यात जाऊ नका. मग मंगळवारी मी काय करू? टीव्ही बघू?" मग म्हणाले, "मला ऐकव. पहिलं आणि आत्ताचं. चाळीस वर्षं हा आवाज ऐकतोय मी. बिघडला असेल तर मला कळेल. मग दुसऱ्याच दिवशी जातो. शब्द देतो."

मला हायसं वाटलं. दोन मिनिटांचं काम होतं.

पण रेकॉर्डिंग सरकारी मालकीची, गोपनीय. ऐकायची परवानगी आम्हा चौघांना. काकांचं नाव त्या यादीत नव्हतं. चाचणीत शत्रूची भूमिका करणाऱ्याला यंत्रणा काय ऐकते हे कळू नये, असा नियम होता. साहेबांनी खात्याला पत्र लिहिलं, खरंच लिहिलं, माझ्यासमोर. उत्तर आलं की संबंधित व्यक्तीस ध्वनिफिती ऐकवता येणार नाहीत. संबंधित व्यक्ती म्हणजे ज्यांचा श्वास होता ते.

त्या दुपारी काका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांचा पास तेवढ्यापर्यंतच चालायचा. साहेब बाहेर गेले होते. दोन्ही फायली माझ्या समोर उघड्या होत्या. हेडफोनची वायर दारापर्यंत आरामात पोचली असती.

"कुणी बघत नाहीये," काका म्हणाले.

मी छताच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. नोकरी गेली तर घरभाडं, बाळाची औषधं, नवऱ्याचा एकट्याचा पगार, हे सगळं एका दमात डोक्यातून गेलं. मी हेडफोन टेबलावर ठेवले आणि एका चिठ्ठीवर लिहिलं: सात, नऊ, तेरा. पुढे महिने. "हे डॉक्टरांना दाखवा काका. प्लीज."

त्यांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून खिशात ठेवली. "हे नुसते आकडे आहेत," ते म्हणाले. रागावले नव्हते. तेच मला जास्त लागलं.

पाहणीच्या दिवशी काकांऐवजी पंचविशीतला एक पाणबुड्या पाण्यात उतरला. मशीननं शंभरातले शहाण्णव श्वास पकडले. दुसरा टप्पा मिळाला. काकांना आभाराचं पत्र गेलं. पुढच्या कामाला खोल पाणी हवं म्हणून कंपनी दुसऱ्या बंदरात हलली आणि आम्हीही बाळाला घेऊन इकडे आलो, रात्रभराच्या प्रवासाइतकं लांब.

पहिले दोन महिने काका फोन उचलायचे. पण मोजून दोन वाक्यं बोलायचे आणि ठेवायचे. मी पलीकडे त्यांचे श्वास मोजतेय हे त्यांना कळलं होतं. आता उचलतच नाहीत. मेसेज केला की दुसऱ्या दिवशी कधीतरी अंगठ्याचं चित्र येतं. या आठवड्यात तेही आलेलं नाही. बाळाला पुन्हा ताप आहे, सुट्टी शिल्लक नाही. जायला हवं असं मी रोज सकाळी म्हणते.

तुम्ही त्या जुन्या धक्क्याच्या बाजूला राहत असाल तर एक काम करा. दोरखंडाच्या दुकानामागे चार मजली इमारत आहे, तिला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे काकांचं दार. दार लवकर उघडलं नाही तरी थांबा. कसे आहात, असं विचारू नका, ते हसून तुम्हाला वाटेला लावतील. काहीतरी निमित्त काढून त्यांना एक मजला खाली आणा आणि परत वर चढवा. चढताना बोलतं ठेवा. एक वाक्य त्यांना एका दमात पुरं करता आलं नाही, तर त्यांचं काही ऐकू नका, तसेच दवाखान्यात घेऊन जा. आणि दार उघडलंच नाही तर शेजाऱ्यांना बोलवा. उद्यावर टाकू नका.